शिकवणारा हात
पितळेच्या पॉलिशचा वास आला की मला हिमायतनगरच्या क्लबातली ती संध्याकाळ आठवते आणि डोकं तापतं. आमचा बँडमास्तर शहरातला नावाजलेला जॅझ ड्रमर होता, मी त्याच्याकडे शिकत होते आणि त्या दिवशी एक गाणं मी वाजवायचं, असं त्यानंच ठरवलं होतं. सॅक्सोफोनवाला रंगात आला, लोक मान डोलवू लागले, तेवढ्यात मास्तर स्टेजवर चढला, चालू गाण्यात त्यानं ड्रमची नुकतीच पॉलिश केलेली पितळी झांज मुठीत धरली आणि माईकवर म्हणाला, "बाई, ड्रम वाजवायलीस का पोळ्या लाटायलीस?" सगळे हसले. पुढच्या रांगेतले माझे बाबा उठून म्हणाले, "मास्तर, हात तुमचा लाखात एक आहे हो, पण जबान एकदम गलीज." मी काड्या मास्तरच्या पायाशी टाकल्या आणि बाबांबरोबर बरकतपुऱ्याला घरी निघून आले. पुन्हा त्याचं तोंड पाहिलं नाही, तो वारल्यावर शोकसभेलाही गेले नाही. आता माझा स्वतःचा बँड आहे आणि जुने लोक कौतुकानं म्हणतात, ठेका अगदी मास्तरचा. खरंच आहे ते, आणि याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो.