राजामागं एक दात

"उघड तोंड. आरं, उघड म्हणते ना!"

"कशापायी?"

"हाय का गेला, बघू दे मला."

"हाय. आत्ताच जिभेनं चाचपलाय."

"मग ह्यो दगूड उशाला कशाला?"

नाहोआनं दगड हळूच चटईखाली सारला. "हाताला सराव असावा म्हून," तो म्हणाला.

"सराव!" केओलानं हात जोडले. "दात काय दोनदा पडतोय व्हय रं? आन् राजा मेलाय का अजून? खोकतोय नुसता. खोकल्याला दात द्यायला लागलास तर तुला जबडा पुरायचा न्हाई."

नवराबायकोचं हे भांडण आमच्या सगळ्या खाडीला ऐकू जायचं, कारण केओलाला हळू बोलता येत नव्हतं आणि आम्हाला दुसरं काम नव्हतं. भांडण एका दाताचं होतं. नाहोआच्या तोंडात पुढचा तेवढा एकच उरला होता.

राजा मेला की दगडानं आपला पुढचा दात पाडायचा, ही आमच्या ह्या कोना किनाऱ्यावरच्या बापजाद्यांची रीत. बाकीच्यांनी ती कधीच सोडली. पाद्रीबाबांनी बंदी घातली म्हणून सोडली, असं म्हणतात. खरं कारण, दात पाडला की दुखतं. नाहोआनं मात्र धरून ठेवली.

थोरला राजा गेला तेव्हा हा पोरगा होता. बापानं धरून याचा दात पाडला. तो दुधाचा होता, आधीच हलत होता, त्या जागी पुन्हा चांगला दणकट उगवला. म्हणजे सगळ्यात मोठ्या राजाला यानं सगळ्यात खोटा दात दिला. पुढचा राजा साहेबाचा मुलूख बघायला गेला आणि गोवर येऊन पेटीतून परत आला. त्याला मात्र खरा दात गेला. त्यानंतरच्यानं जमिनी वाटल्या. त्या वाटणीत नाहोआला आली ती एवढी, की लघवीला बसला तर धार शेजाऱ्याच्या रानात. तरी तो राजा गेल्यावर यानं रडत रडत दगड उचललाच. पुढं राजे भराभर जायला लागले, आणि नाहोआ हसला की लहान पोरं घाबरायला लागली.

फुकट करत होता असं मात्र समजू नका. मेजवानीला आमच्या खाडीचा मुकादम त्याला चटईच्या वरच्या टोकाला बसवायचा आणि डुकराच्या गालाचा मऊ तुकडा आधी त्याच्या पानावर पडायचा. "इमान बघायचं तर ह्याच्या तोंडात बघा," असं मुकादम पाहुण्यांना सांगायचा, आणि नाहोआ तोंड उघडून बसायचा. मुकादमाच्या स्वतःच्या तोंडात सगळे दात होते.

मागच्या राजाच्या दुखवट्यात, तोंडात चरबी असताना, हा सगळ्यांसमोर बोलून बसला, "फुडच्या राजालाबी देईन!" नवा राजा तरुण होता. नाहोआला वाटलं, आपण आधी मरू, आणि दात घेऊन मरू. वर्ष सरायच्या आत तो तरुण राजा खोकायला लागला.

आता त्या एका दाताचं काम सांगतो. नाहोआ ऑक्टोपस धरायचा. पाण्यातून वर काढला की तो आठही पाय हाताला गुंडाळतो. तेव्हा त्याच्या दोन डोळ्यांच्या मधोमध कडकडून चावायचं, की गप्प. सुतार पटाशी लावतो तसा नाहोआ तो दात नेमका लावायचा. दात गेला की घरात खायला काय, हा केओलाचा सवाल होता. दात ठेवला की चटईवर बसायचं कुठं, हा नाहोआचा.

म्हणून आमच्या देवळात राजाच्या तब्येतीसाठी त्याच्याइतकी प्रार्थना कुणी केली नाही. पाद्री तिमोतेओचे डोळे भरून यायचे. "काय ही निष्ठा!" म्हणायचे.

आणि एका सकाळी तांबडे मासे आले.

हे मासे थव्यानं किनाऱ्याला लागले की कुणीतरी थोर माणूस जाणार, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. सगळी खाडी लालेलाल झाली. बायामाणसं छाती पिटत पाण्यात उतरली.

"अगं आई गं, गेला गं आमचा राजा... ए, ती टोपली हिकडं सार!"

"कुणाच्या जिवावर सोडलंस रं आमाला... त्यो मोठा मासा माझा हाय, मी आधी बघितलाय!"

शेजारचा काहेले भरली टोपली घेऊन नाहोआसमोर उभा राहिला. "तुतू," तो म्हणाला. म्हाताऱ्यांना आम्ही तुतूच म्हणतो, पण काहेलेच्या तोंडी तो शब्द चिमटा काढल्यासारखा यायचा. "मासं आलं. दगूड आणू का घरचाच हाय?"

"गलबत यू दे होनोलुलूचं. खबर कळू दे."

"गलबत? तूच म्हणायचास की, कागदात खोटं छापत्यात, मासा खोटं बोलत न्हाई. तुझ्या बानं गलबताची वाट बघितली व्हती का?"

"तसं न्हाई रं. ह्यो राजा मताच्या चिठ्ठ्या टाकून निवडलेला. तसल्याला दात लागू होतो का, इचारायला पायजे."

"चिठ्ठी टाकताना तर नाचत गेला व्हतास!"

लोक रडायचे थांबून ऐकायला लागले होते. मुकादमही आला. नुसता नाहोआच्या तोंडाकडं बघत राहिला.

केओला कमरेएवढ्या पाण्यातून ओरडली, "नाहोआ! दगडाला हात लावशील तर घरात येऊ नगंस! मासं काय तुझ्या कानात बोललं व्हय?"

बायकोनं चारचौघांत अडवल्यावर पुरुषाला मागं फिरता येत नाही. त्यानं वाळूतली एक काठी उचलून तिचं टोक दाताला लावलं आणि वरून दगड हाणला. दात एका घावात गेला. जुनाच होता. बायांनी रडण्याचा एक मोठा सूर काढला आणि मुकादमानं सगळ्यात जाड माशांचा ढीग त्याच्यापुढं ओतला. नाहोआ रक्त थुंकत होता, पण छाती बघावी तर कोंबड्याची.

गलबत चार दिवसांनी आलं. आम्ही दुखवट्याच्या तोंडानं धक्क्यावर उभे. खलाशानं दोर फेकला आणि विचारलं, "काय, कोन गेलं?"

"राजा गेला न्हवं?" मुकादम म्हणाला.

"कुनी सांगितलं? निघताना बघितला की मी. ओसरीवर बसून अळकुड्यांची पोई चाटत व्हता. बराय आता."

कुणी कुणाकडं बघेना. नाहोआ पुढं झाला. बोलताना आता त्याच्या तोंडातून वारा जायचा. "मग मेलं कोन? नीट आठव. कुनीतरी थोर मेलंच आसंल."

खलाशानं डोकं खाजवलं. "तसं कुनी न्हाई बाबा. एका सरदाराचं घोडं मेलं परवा. लई थोर घोडं व्हतं म्हणत्यात."

पहिली हसली ती केओला. धक्क्यावरच्या फळीवर बसून, दोन्ही हातांनी पोट धरून हसली. मग सगळेच. पाद्री तिमोतेओ समुद्राकडं तोंड करून उभे होते, पण त्यांचे खांदे हलत होते.

पावसाळी वारं सरलं आणि राजा खरंच गेला. काळ्या कापडानं, घंटेनं, रीतसर कागदानं खबर आली. मासा एकही आला नाही. दुखवट्याला सगळे जमले आणि नाहोआ सवयीनं चटईच्या वरच्या टोकाला जाऊन बसला.

"तुतू, दात?" काहेलेनं विचारलं.

"दिलाय. आगाऊ."

"त्यो घोड्याचा. राजाचा कुठाय?"

मुकादम घसा साफ करत म्हणाला, "नाहोआ, जरा खाली सरक. पाद्रीबाबा बसतील." डुकराचा गाल पाद्रीबाबांच्या पानावर पडला. नाहोआ सरकत सरकत पार पोरांच्या पंगतीला लागला आणि तिथं त्याच्या वाट्याला शेपूट आलं.

घरी जाताना तो म्हणाला, "इमानाची किंमत न्हाई ऱ्हायली."

"व्हती कवा? मऊ तुकडा व्हता नुसता," केओला म्हणाली. "उद्या होडीत मी येणार."

"तू कशाला?"

"चावायला. मी एकाबी राजाला काय दिलेलं न्हाई. हे बघ." आणि तिनं ओठ मागं घेऊन बत्तिशी दाखवली.

सकाळी आम्ही किनाऱ्यावर जाळी सोडवत होतो. समोर होडीतून नाहोआनं कवडीचं आमिष खाली सोडलं, दोरी हळूहळू हलवली, वर ओढली. ऑक्टोपसानं त्याच्या कोपरापर्यंत विळखा घातला. त्यानं सवयीनं हात तोंडाशी नेला. मग आमच्याकडं पाठ करून हात बायकोपुढं धरला. केओलानं वाकून घास घ्यावा तसा चावा घेतला, थुंकली आणि म्हणाली, "सोड दोरी. दुसरा बघ."

त्यानं दोरी सोडली.