तांडेलकाकांचा कॉम्प्युटर

आधीच सांगून टाकतो, मी या ग्रुपवर नुसता वाचायला येतो, आणि खरं सांगायचं तर हसायला. हॉरर पिक्चर लागला की मला झोप येते. आमच्या गल्लीत कोणाला काही ‘दिसलं’ की मी पहिला प्रश्न विचारतो, चष्मा होता का? त्यामुळे माझ्यावरच इथे असं काही लिहायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. दीड वर्ष टाळलं. आता लिहितो, मग तुम्ही खुशाल हसा...

माझं अलिबागला कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान आहे, पहिल्या मजल्यावर. पंधरा वर्षं हेच काम. या धंद्यात भूतबित काही नसतं हो. ‘सर, कालपर्यंत चालू होता, आम्ही हातसुद्धा लावला नाही’ असं म्हणणाऱ्या दहा जणांत चौघांकडे मागची वायर सैल असते, दोघांकडे बोर्डाचं बटणच बंद असतं. एकाच्या पॉवर सप्लायमध्ये तर पाल मरून पडली होती आणि तो कंपनीला शिव्या घालत होता. राहिलेलं काम आमची खारी हवा करते. किनाऱ्यावर लोखंड टिकत नाही, तिथे मदरबोर्डाची काय कथा.

गेल्याच्या गेल्या थंडीत, एका सोमवारी सकाळी रेवदंड्याहून फोन आला. कोळीवाड्यातल्या एक काकी. त्यांचे यजमान तांडेल, म्हणजे होडीचे कप्तान. चाळीस वर्षं समुद्रावर काढलेला माणूस. आता आजारी, अंथरुणाला खिळलेले. मुलगा निलेश जहाजावर नोकरीला. काकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, मोबाईलवर त्यांना काही दिसायचं नाही, म्हणून निलेशने मोठ्या स्क्रीनचा डेस्कटॉप घेऊन दिला होता. आमच्याच दुकानातून. रोज व्हिडिओ कॉल व्हायचा.

साडेदहाला पोचलो. बाहेर मांडवावर बोंबील वाळत होते, आत कॉटवर काका. मी त्यांना सहा महिन्यांपूर्वी पाहिलं होतं, तेव्हा जेटीवर बसून जाळं विणत होते. आता हातांच्या नुसत्या काटक्या झाल्या होत्या. श्वास वर वर चालला होता. कॉटच्या उशालाच कॉम्प्युटर, पार बंद.

“काल सांजच्याला चालू व्हता, सकालीबी व्हता,” काकी म्हणाल्या. “मंग बंद परला. बाला, काय बी कर पन यो चालू करून दे. डाक्टर बोलला, चार-आठ दिस. निलेश निगालाय थयशी, शनवारी येल. तवर बापाला त्याचा तोंड तं दिसू दे. त्याच्यासाठीच धरून ठेवलाय जीव.”

असं ऐकल्यावर माणूस जरा घाईतच कामाला लागतो. वायर बदलली. बोर्डावर मीटर लावला, व्होल्टेज बरोबर. कॅबिनेट उघडलं, रॅम काढून खोडरबराने पुसली, मदरबोर्डावरचा बटणासारखा सेल बदलला. पॉवर सप्लाय सुटा करून तपासला, त्याचा पंखा झकास फिरत होता. परत जोडला की मुडदा. शेवटी म्हटलं, दुकानात नेतो. काकींनी मान हलवली. मी डबा उचलला तेव्हा काकांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं.

दुकानात दुपारभर झटापट केली. माझा स्वतःचा, रोजच्या वापरातला पॉवर सप्लाय लावला. तरी नाही. संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास सहज बटण दाबलं, तर झालं की चालू! स्क्रीनवर निलेशचा युनिफॉर्ममधला फोटो. मी स्वतःवरच खूश होऊन काकींना फोन लावला. त्या म्हणाल्या, काकांनी पण आत्ताच डोळे उघडले, पेज मागितली. मला बरं वाटलं.

मंगळवारी सकाळी दुकान उघडलं, रात्री चालूच ठेवलेला तो बंद होता, बटण दाबलं, चालू. दहाच्या ठोक्याला आपोआप बंद. दिवसभर मेलेला. संध्याकाळी पुन्हा चालू. बुधवारी बंद झाला पावणेअकराला. गुरुवारी साडेअकराला.

मी हे सगळं जॉब कार्डावर लिहीत होतो, ही माझी शिस्त आहे. येऊन जाऊन राहणारा फॉल्ट असला की वेळा लिहायच्या, त्यातून काहीतरी सापडतं. इथे सापडलं ते असं, की तो रोज बरोबर पाऊण तास उशिरा बंद पडत होता. गरम होऊन बंद पडणारा बोर्ड बघितलाय, थंडीत न उठणारा बघितलाय. पण रोज पाऊण तास पुढे सरकणारा?... डोकं खाजवत बसलो.

गुरुवारी तो बंद पडला आणि पाच मिनिटांत काकींचा फोन. रडवेल्या झाल्या होत्या. काका पुन्हा निपचित पडले, हाकेला ओ देत नाहीत. मी धीर दिला आणि बोलता बोलता सांगून गेलो की काकी, तुमच्या मशिनने पण वैताग आणलाय, रोज पाऊण पाऊण तासाने पुढे पळतंय.

त्यांचं रडं थांबलं. मग म्हणाल्या, “आज तेरस. तेराची पाऊनपट किती रं?”

“पावणेदहा.”

“पावनेदाला भरती. मंग घटकाभर पानी ठेरतं, नि लागते ओहोटी. यो भरतीला चालतो बाला. पानी उतरला का बंद परतो.”

आमच्या किनाऱ्यावर हा हिशेब शाळेत न गेलेल्या माणसालाही येतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. मी कार्ड पुढे ओढलं. एकादशी, सव्वाआठ. द्वादशी, नऊ. त्रयोदशी, पावणेदहा. भरती उलटल्यावर बरोबर पावणेदोन तासांनी, तिन्ही दिवस, पठ्ठ्या बंद.

पण माझ्याकडे उत्तर तयार होतं, मी काय असा तसा ऐकणारा नाही. काकींचं घर खाडीला लागून. अर्थिंगचा खड्डा ओल्या रेतीत. भरतीला जमिनीतलं पाणी वर येतं, अर्थिंग सुधारतं, मशीन चालतं. झालं! हे मी त्यांना फोनवर चांगलं पाच मिनिटं समजावून सांगितलं. फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की मशीन त्यांच्या घरी नाहीच. ते अलिबागला पहिल्या मजल्यावर माझ्यासमोर टेबलावर आहे. बाजूला दुसरे तीन पीसी त्याच बोर्डावर सकाळपासून बिनतक्रार चालू होते.

त्या दिवशी जेवण गेलं नाही, हे कबूल करतो.

शुक्रवारी संध्याकाळी काकींचा परत फोन. आवाज अगदी शांत.

“बाला, आमच्यात बोलतात, मानूस जातो तो ओहोटीला. पान्याच्या संगं निगून जातो. मना रोज ओहोटीचा भ्याव वाटतं. पाच दिसांच्या ओहोट्या काढल्या त्यांनी, कशा काढल्या मनाच म्हायती. तू एक कर. तो चालू असला तं तुज्या हातान बंद नको करू. आपोआप परला बंद तं परू दे. तू हात नको लावू.”

“नाही लावत काकी,” मी म्हणालो. म्हाताऱ्या माणसाचं मन मोडायचं कशाला, असा विचार होता. दुसरं काही नाही.

शनिवार, पौर्णिमा. सव्वानऊला मशीन चालू झालं. काकींना फोन केला. काका बरे होते, उशी लावून बसले होते, निलेश मुंबईला उतरला होता आणि लाँच पकडून मांडव्याला येणार होता. मी म्हटलं, मशीन छान चालतंय, बाराच्या आत घेऊन येतो, बाप-लेक दोघंही बघतील. काकी चक्क हसल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

आता पुढचं लिहायला हात थांबतो.

माझ्या दुकानाचा एक नियम आहे. तीनदा बंद करून तीनदा चालू केल्याशिवाय कुठलंही मशीन बाहेर जात नाही. गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन फजिती नको. पंधरा वर्षांत एकदाही मोडला नाही. त्या दिवशी सव्वाअकराला मी त्या टेबलाशी उभा होतो. काकींना दिलेला शब्द मला आठवत होता, विसरलो असं म्हणणार नाही. पण मी असा विचार केला की आत्ता ऐन भरती आहे. काकींचं खरं असेल तर एक वाजेपर्यंत काही होत नाही, बंद केला तरी लगेच चालू होणार. आणि माझं खरं असेल तर प्रश्नच नाही. दोन्ही हिशेबांनी तो उठायलाच हवा होता. आणि खरं कारण सांगू? मला बघायचं होतं. चार दिवस त्या डब्याने माझी झोप उडवली होती, मला त्याला एकदा खोटं पाडायचं होतं.

रीतसर शटडाऊन केला. पंखा थांबला. दहापर्यंत आकडे मोजले आणि बटण दाबलं.

काही नाही.

वायर काढून लावली, परत दाबलं. पॉवर सप्लाय बदलला. रॅम काढली, लावली. एक स्क्रू खाली पडला तो शोधायलाही वाकलो नाही. पुन्हा पुन्हा तेच बटण दाबत राहिलो. पंधरा मिनिटं गेली असतील. मग फोन वाजला आणि नाव बघून मला उचलवेना.

“बाला...” काकींच्या मागे बायकांचा आवाज येत होता. “गेले ते.”

“कधी?” मी विचारलं.

“आताच. पाव तास झाला आसल. पेज भरवीत व्हती मी. बरे व्हते रं, निलेश कवा येतो इचारला. नि चमचा तोंडातच... तसेच ऱ्हायले.” त्या थांबल्या. “खारीत पानी भरलेला हाय. मी बगून आयले. भरतीला कोन जातो का रं? मी आजची ओहोटी मोजीत बसलेली, नि ते भरतीला कसे गेले?”

निलेश तेव्हा मांडव्याला उतरून रिक्षा बघत होता. तासाभराच्या वाटेवर.

मयताला गेलो, पण मागे उभा राहिलो. निलेश बॅग खांद्यावर घेऊनच बापाच्या पायाशी बसला होता, ती कोणी काढूनही घेतली नव्हती. मी काकींच्या समोर गेलो नाही.

त्यानंतर मशीनचं मी काय केलं नाही ते विचारा. महिनाभर रोज भरती-ओहोटीच्या वेळा बघून बटण दाबून पाहिलं. ठाण्याला चिप लेव्हलचं काम करणारा माझा मित्र आहे, त्याच्याकडे बोर्ड पाठवला. त्याने एकेक पार्ट तपासून कळवलं की बोर्डात फॉल्ट नाही. मग चालू का होत नाही? तर म्हणाला, ते मलाही कळत नाही, फेकून दे. योगायोग असेल. आजारी माणूस होता, डॉक्टरांनी दिवस मोजून दिलेच होते. हे सगळं मी स्वतःला हजारदा सांगितलं आहे. मग सव्वाअकराच का, आणि पाच दिवसांत मी हाताने बंद केला फक्त तेव्हाच का, इथे येऊन माझं गाडं अडतं.

तेरावं झाल्यावर निलेश दुकानात आला. डोकं भादरलेलं, गुणी मुलगा, नमस्कार करून बसला. कॉम्प्युटर परत न्यायचा नव्हता त्याला. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलला. मग निघताना दारात थांबला.

“दादा, एक विचारायचं होतं. मी मानत नाय हे, पण आईने दहा वेळा सांगितलंय म्हणून विचारतो. त्या दिवशी तो आपोआप बंद पडला ना? की कोणी बंद केला?”

मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. खरं बोललो असतो तर तो काय करणार होता? कदाचित हसला असता. कदाचित म्हणाला असता, दादा, तुम्ही पण काय आईच्या नादाला लागता. पण तो ते घरी जाऊन तिला सांगणार होता.

“आपोआप,” मी म्हणालो.

त्याचे खांदे एकदम सैल पडले. “बरं झालं,” म्हणाला. “आई सारखं म्हणते, थोडासाच राहिलेला रे तू यायला, बाबा थांबले असते. आता तिला सांगतो, कोणाचा हात लागला नाय. तेवढीच झोपेल तरी.”

तो जिना उतरून गेला. स्टँडच्या दिशेने जाईपर्यंत मी खिडकीतून त्याला बघत होतो, हाक मारावी असं दोनदा मनात आलं. मारली नाही. तुमच्यापैकी कोणाला यातलं काही उलगडलं तर सांगा, मी वाचेन. रेवदंड्याचे कॉल आता मी घेत नाही. काकी अजून आहेत. दिवाळीला निलेशबरोबर त्यांनी माझ्यासाठी सुक्या बोंबलांची पिशवी पाठवली होती, तू लई धावपळ केलीस म्हणून.