धुऱ्यावर बसलेली टिटवी

आमच्या निसर्गमंडळात सहा माणसं आणि एक दुर्बीण होती. बैठक दर्यापुरात टेलरचाचांच्या दुकानात व्हायची, कारण सहा जणांना पुरतील एवढी स्टुलं त्यांच्याकडेच होती. पक्ष्यांचे आवाजही आमच्यापेक्षा त्यांनाच जास्त कळायचे. मी शाळेत विज्ञान शिकवायचो, म्हणून मंडळाने मला शहाणा ठरवलं होतं आणि मीही ते बिनतक्रार मानून घेतलं होतं. मंडळाचा नियम एकच, तोही माझाच: घरटं कुठं आहे ते बाहेर कोणाला सांगायचं नाही.

ती वर्षं वऱ्हाडाला वाईट होती. पेपर उघडायची भीती वाटायची. रेडिओवर पाऊस वेळेवर येणार असं सांगायचे आणि आभाळ कोरडं ठणठणीत. मग लोक टिटवीकडे बघायचे. टिटवीने सखल जागी अंडी घातली तर पाणी कमी, उंचावर घातली तर भरपूर. वर्गात अंधश्रद्धेचं उदाहरण म्हणून मी नेमकं हेच द्यायचो.

त्या उन्हाळ्यात एका मावशींच्या वावरात, सखल भागात, टिटवीची चार अंडी दिसली. नवरा गेल्यापासून मावशी एकट्याच शेत करायच्या. तेव्हा त्या लेकीच्या बाळंतपणासाठी अकोल्याला गेल्या होत्या आणि आठवड्याभरात वखरायला ट्रॅक्टर यायचा होता. अंडी चिरडणार हे दिसत होतं. आम्ही ती हलवायचं ठरवलं. एकदम हलवली तर पक्षी घरटं सोडून देतो, म्हणून रोज सकाळी चार-पाच हात, भोवतालच्या खड्यांसकट. सातव्या दिवशी अंडी वावराच्या कडेला, धुऱ्याच्या म्हणजे बांधाच्या उंचवट्यावर पोचली. टिटवी आरडाओरडा करत आली, गोल फिरली आणि बसली. आम्ही एकमेकांना टाळ्या दिल्या.

चाचांनी तेवढी टाळी दिली नाही. "सर, नीचे से ऊपर ले आये," ते म्हणाले. "लोग क्या समझेंगे?"

मी हसलो. माझ्या त्या हसण्याचा मला अजून राग येतो.

मावशी परत आल्या आणि दोनच दिवसांनी रस्त्यात भेटल्या. नातू झाल्याचं सांगायच्या आधी म्हणाल्या, "पायलं काय सर? यंदा टिटवी धुऱ्यावर बसली! पाणी लय हाय. आता मूग पेरून टाकनं हाय."

त्यांचा मूग घरचा होता. सासूच्या काळापासून दरवर्षी थोडा राखून, राखेत घोळून, मडक्यात भरून ठेवलेला. बाजारचं बी त्या वावरात येऊ द्यायच्या नाहीत. हे मला माहीत होतं. मी तोंड उघडलं आणि मिटलं.

का मिटलं? एक म्हणजे नियम. दुसरं असं की, अंडी आम्ही ठेवली म्हणून पेरू नका, असं सांगणं म्हणजे त्या शकुनाला मी मान दिल्यासारखं झालं असतं. न सांगावं तर मावशी त्याच शकुनावर पेरणार. तेव्हा मला या गुंत्यात मोठा तात्त्विक प्रश्न दिसला. आता तो प्रश्न होता की नुसता भित्रेपणा, हे माझं मलाच सांगता येत नाही.

पावसाची एक सर येऊन गेली. बाकीचे दुसऱ्या पावसाची वाट बघत थांबले, मावशींनी पेरलं. पेरत होत्या त्या सकाळी मी धुऱ्याजवळच दुर्बीण घेऊन उभा होतो. पिल्लं बाहेर येत होती. मावशींनी वावरातून हात केला, मीही केला.

मग पावसाने तीन आठवडे दडी मारली. मूग उगवला, दोन पानांवर आला आणि जळाला. मडकं रिकामं झालं होतं.

मी त्या रस्त्याने जाणं सोडलं. मंडळात पाणवठ्यांवर बोललो, झाडांवर बोललो, टिटवीवर नाही. चाचांनीही विषय काढला नाही, त्यामुळे आणखीच लाज वाटायची. शेवटी पोळा झाल्यावर बाजारातून मुगाच्या बियाण्याची पिशवी घेतली आणि मावशींच्या दारात जाऊन सगळं सांगून टाकलं.

त्यांनी ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत, त्याने मी जास्तच गोंधळलो.

"तुमी उचलून ठेवले, बराबर," त्या म्हणाल्या. "पन तिले पटलं नसतं तं ते बसली असती काय थ्या धुऱ्यावर?"

विज्ञानाचं उत्तर माझ्याकडे होतं, पण त्या मला माफ करत होत्या की खोडून काढत होत्या, तेच उमगेना. मी पिशवी पुढे केली. त्यांनी घेतली, हाताने तोलली आणि खाटेवर ठेवली.

"मी पेरून राहिली होती, तवा तुमी तिथंच उभे होते ना, सर? काहून नाही बोलले?"

"पिल्लं निघत होती," मी म्हणालो. दुसरं काही खरं नव्हतंच.

"किती निंगाले?"

"चार."

"जगले किती?"

मला माहीत नव्हतं. मूग जळाल्यापासून मी तिकडे फिरकलोच नव्हतो. नियम करणारा मी, दुर्बीणही माझ्याकडे.

"दोन," मावशी म्हणाल्या. "एक घारीनं नेलं, एक असंच गेलं. थ्या वावरात आता दुसरं पायन्यासारखं होतं तरी काय? रोज जाऊन थेच पायत बसली मी."