लालासाहेबांच्या कवितेतली बाई

लालासाहेब कुपवाडच्या कारखान्यात लेथ मशीनवर काम करायचे. मूळ गाव वडूजकडचं, घर मेंढपाळांचं. त्यांना कवितेचा नाद होता, तोही निराळा. कविता लिहायचे ती बाईच्या तोंडची. मिशाळ, धिप्पाड गडी मंचावर उभा राहून "मी सासुरवाशीण" म्हणाला की लोकांना हसू फुटायचं. लालासाहेबांना त्याचं काही नसायचं.

विश्रामबागेत कविसंमेलन ठरलं. आदल्या रविवारी त्यांनी नवी कविता बायकोला, साळूबाईला, वाचून दाखवली.

"मेंढरांमागं चालते मी, वाऱ्याची सखी होऊन,
काटा रुतला पायात तरी, गाते गाणं हसून."

साळूबाई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. "आवं, काटा रुतल्यावर कोन गातंय?"

"मग काय करतंय?"

"मी खाली बसायची. शिव्या द्यायची. मेंढरांस्नी, वाऱ्याला आन् तुमच्या आईलाबी."

लालासाहेब खो खो हसले, आणि हसता हसता त्यांनी वही मिटली. लग्नानंतर दोन वर्षं साळूबाई सासूसासऱ्यांबरोबर मेंढरांमागं रानोमाळ हिंडली होती. ते स्वतः तेव्हा कुपवाडात नोकरीला लागून खोली शोधत होते; सुट्टीला येऊन तिला भेटायचे आणि एसटीनं परत जायचे. एवढा संसार झाला, पण त्या दिवसांबद्दल त्यांनी तिला कधी विचारलंच नव्हतं. बाईच्या मनातलं मात्र वह्या भरभरून लिहिलं होतं.

"साळू, तवा काय वाटायचं तुला?"

"वाटायचं, ह्यो मानूस खोली कवा बगतोय!"

त्या दिवशी ती बोलत राहिली आणि ते ऐकत राहिले. भाकरी करपली, ती दोघांनी तशीच खाल्ली.

संमेलनात लालासाहेबांनी नवी कविता म्हटली.

"काटा रुतला, बसले खाली, मेंढरं गेली फुडं,
सासू म्हनली ऊठ गं बाई, ऊन चढलंय केवढं.
काटा निगाला, पानी निगालं डोळ्यांतनं थोडं."

या खेपेला कुणी हसलं नाही. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं विचारलं, "पुरुष असून तुम्हाला हे कसं कळलं?"

"मला कुठलं कळतंय! ती बसलीया बगा, तिनं सांगितलं."

मग काय, सगळ्यांनी आग्रह करून साळूबाईला मंचावर चढवलं. तिनं पदर सारखा केला, माईककडं संशयानं पाहिलं. "ह्यास्नी माझ्या तोंडानं लय बोलायचं असतंय. आज मी ह्यांच्या तोंडानं बोलती."

"आज बगतो, उद्या बगतो, खोली बगतोय मी,
बायकू चालती मेंढरांमागं, यष्टीत बसतोय मी.
मिशीला पानी लागंल म्हनून तिकडं बगतोय मी."

पहिल्या दोन ओळींना सभागृह हसून लोळलं. तिसरीला एकदम शांत झालं, आणि मग टाळ्या थांबेनात. लालासाहेब खुर्चीत खाली मान घालून मिशीवरून हात फिरवत होते.

परतताना गाडीवर त्यांनी मान वळवून विचारलं, "मी रडलो हुतो, ते तुला कसं ठावं? मी कवा बोललो न्हाई."

"यष्टीच्या काचंत तोंड दिसत हुतं की! फुडं बगा, खड्डा हाय."

पुढच्या महिन्यात मिरजेहून निमंत्रण आलं, ते दोघांच्या नावानं. साळूबाईनं लगेच बजावलं, "पयली मी म्हननार. तुमी मागनं."