नाना मास्तर आणि फुंकणारं मशीन

कुठलंही यंत्र विकत घ्यायचं झालं की माझे सासरे आधी त्याच्या पाठीवर तळवा टेकवून उभे राहायचे. डोळे मिटून. मी वॉरंटीचं विचारत असायचे, दुकानदार उत्तर देत असायचा, मागे गिऱ्हाइकं खोळंबलेली असायची आणि नाना फ्रिजच्या पाठीवर हात ठेवून, देवळात उभं राहावं तसे उभे. मिक्सर, कूलर, माझी स्कूटी, सगळ्यांची अशी तपासणी झाली. एकदा बँकेतल्या पासबुक छापायच्या यंत्रावरही हात ठेवला, तेव्हा गार्ड उठून आला होता. "हात ठेव, मंग समजस," हे त्यांचं म्हणणं. काय समजायचं ते त्यांनी मला कधी धड सांगितलं नाही.

नाना मूळचे अमळनेरकडचे. तरुणपणी सुरतेला आले, बमरोलीच्या लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, लागले आणि मास्तर झाले. मास्तर म्हणजे बंद पडलेला लूम चालू करून देणारा माणूस. दिंडोलीच्या आमच्या बिल्डिंगमध्ये त्यांना सगळे नाना मास्तर म्हणत. घरात अहिराणी, दुकानात हिंदी आणि रागावले की गुजराती, अशी त्यांची वाटणी होती. माझ्याशी ते अहिराणीच बोलत. मी शाळेच्या ऑफिसात कामाला, त्यामुळे प्रमाण मराठीत उत्तर देई. आमचं भांडण असं दोन भाषांत चाले आणि दोघांचंही काही अडत नसे.

त्यांचा खोकला मी लग्न होऊन आले तेव्हापासूनचा. घरात कोणी त्याला आजार मानत नव्हतं. तो नानांचा आवाज होता, इतकंच. पण जिना चढताना ते मध्येच थांबून भिंतीवरची वायरिंग न्याहाळू लागले, तेव्हा मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडासमोर धरला आणि मला बाजूला बोलावलं. छातीत जे बसलंय ते आता निघणार नाही, म्हणाले, पण नवीन जाऊ देऊ नका. घरात कोरडा झाडू बंद. धूळ उडता कामा नये. पुढचा प्रत्येक महिना त्यावर ठरेल.

मी घरी येऊन कामाला लागले. व्हॅक्यूम क्लीनर घ्यायचा हे ठरलं. मी पाहून, विचारून, फोन करून, कसोट्या लावून यंत्रांचा एक क्रमवार तक्ता केला. वजन मला एका हातानं उचलता येईल एवढं. वायर एका खोलीतून दुसऱ्या खोलीत पोचेल एवढी. धूळ बंद पिशवीत जमा व्हावी आणि यंत्रातून बाहेर येणारी हवासुद्धा गाळून यावी, कारण पुढून ओढलेली बारीक धूळ मागून सोडणारी यंत्रंही बाजारात आहेत. पिशव्या आणि सुटे भाग सुरतेत मिळावेत. दुरुस्तीवाला फोन उचलणारा असावा. चांगला तक्ता होता. आजही कुणी विचारलं तर मी तोच देते.

नानांनी चष्मा लावून तो वाचला. "यामा फुकाले तोंड कोठे शे?"

"कशाला फुंकायचंय?"

"धूळ काढाले. आखी जिंदगी मी मशीनं साफ कयरी सुनबाई, माले नको शिकाडू."

"हे घर आहे नाना, लूम नाही. आणि हे तुमच्यासाठीच घ्यायचंय."

"मन्हासाठी? मी काय मरी ऱ्हायनू का?" म्हणाले आणि लगेच खोकले. मग पाणी पिऊन म्हणाले, "तुन्हासाठी ले. तुन्ही कंबर दुखस."

इथपासून ती खरेदी माझ्या कमरेसाठी आहे असं घरात जाहीर झालं आणि ती निवडण्याचा अधिकार नानांकडे गेला.

उधना रस्त्यावरच्या दुकानात आम्ही गेलो. विकणारा मुलगा नम्र होता. त्यानं मशीन चालू केलं, नानांनी हात ठेवला. माझ्या तक्त्यात पहिलं होतं तेच मशीन. नानांनी डोळे उघडले आणि नाही म्हणून मान हलवली. "मुकं शे."

"आवाज कमी आहे, हा गुण आहे नाना."

"मुकं मशीन कामनं नही." मग त्यांनी शर्टाच्या खिशातून कागदाची पुडी काढली. पुतण्याचा मुलगा भूषण, त्याचं बमरोलीला खातं आहे, म्हणजे लूमची शेड. तिथून सुताचा भुगा त्यांनी बांधून आणला होता. त्यांनी तो दुकानाच्या चकचकीत फरशीवर ओतला. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

मुलानं हसतमुखानं तो ओढून दाखवला. एक धागा उरला नाही. नाना वाकून फरशी पाहू लागले, मग यंत्राच्या मागे जाऊन तिथे रुमाल धरून उभे राहिले. रुमाल जेमतेम हलला.

"इसमें हवा नहीं मारता?"

"काका, ये खींचता है. फूँकने का नहीं है."

"खींचता है वो देखा. खींच के जाएगा कहाँ?"

"अंदर थैली में, काका."

नाना माझ्याकडे वळले. "देख. आखा गावना कचरा थैलीमा भरी घरमा ठेवाना. असं मशीन?" आणि ते दुकानाच्या पायऱ्या उतरूनही गेले. मी त्या मुलाची माफी मागितली. तो म्हणाला, "कोई बात नहीं आंटी, मेरे घर में भी ऐसे एक हैं."

अशी आम्ही उधन्यापासून रिंगरोडपर्यंत दुकानं पालथी घातली. प्रत्येक ठिकाणी हात, भुगा, रुमाल आणि तोच प्रश्न. एका दुकानात आम्हाला पाहून मालकानं स्वतःच पाणी मागवलं, कारण आधीच्या दुकानातून कुणीतरी फोन करून त्याला आमच्याबद्दल सांगितलं होतं. मी घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, आता एक तर मशीन येईल, नाहीतर मी माहेरी जाईन. नवऱ्यानं टीव्हीचा आवाज वाढवला.

मशीन आलं, पण माझ्या गैरहजेरीत. दिवाळीच्या साफसफाईच्या आधी मी शाळेतून परतले तर रिक्षातून एक पिंप उतरत होतं. लोखंडी, चाकांवरचं, कारखान्यात धूळ ओढायला वापरतात तसलं. मागे भूषण, कपाळावर घाम. "काकू, नानांनीच घ्यायला लावलं. मी नाही म्हणत होतो." पिंपाला दोन तोंडं होती. एक ओढणारं, एक फुंकणारं. नाना नव्या बैलजोडीकडे पाहावं तसे त्याच्याकडे पाहत होते. "हात ठेव," मला म्हणाले. मी ठेवला नाही. मी चहा टाकायला गेले.

तेवढ्यात त्यांनी घराचं दार उघडलं, बाल्कनीचं दार उघडलं, पाइप फुंकणाऱ्या तोंडाला लावला आणि कपाटामागे धरून बटण दाबलं. खात्यात अशीच सफाई होते. कॉम्प्रेसरच्या हवेनं लूमवरचा भुगा उडवायचा, दारं उघडी ठेवायची, झालं. कपाटामागे वर्षाची धूळ होती. ती सगळी एकदम बाहेर आली, दिवाणखान्यात फिरली, पंख्याला लागली आणि दारातून समोर गेली, जिथे शेजारच्या कोकिळाबेननी पापड वाळत घातले होते.

"अरे मास्तर, आ शुं करो छो!"

मास्तर भिंतीला धरून खोकत होते, आणि तो नेहमीचा खोकला नव्हता. ओठ काळसर झाले होते. मी मशीनची पिन उपटली, भूषणनं त्यांना उचलून जिन्यात बसवलं, मी औषधाच्या वाफेचं यंत्र आणेपर्यंत कोकिळाबेन पापड विसरून त्यांची पाठ चोळत होत्या. श्वास परत यायला वेळ लागला.

जरा बोलता येऊ लागल्यावर त्यांनी पहिलं वाक्य काय उच्चारावं? "खातामा असंच करतस. दार उघाडं, फुक, साफ."

"आणि ती धूळ जाते कुठे?" मी ओरडलेच. सासऱ्यावर मी त्याआधी असं कधी ओरडले नव्हते.

"बाहेर."

"बाहेर कुठे? कोकिळाबेनच्या पापडांवर?"

कोकिळाबेन हसल्या. नानाही हसायला गेले आणि पुन्हा खोकले. जिन्याच्या पायरीवर बसल्या बसल्या त्यांनी तळवा स्वतःच्या छातीवर ठेवला आणि डोळे मिटले. फ्रिजवर ठेवायचे तसाच. बराच वेळ त्यांनी हात काढला नाही.

"ती बाहेर गयीच नही, सुनबाई," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी तक्त्यातलं पहिलं मशीन घेऊन आले. नानांनी त्यावर हात ठेवला. "मुकं शे," एवढंच म्हणाले. त्यांना ते कधीच आवडलं नाही. मी खोल्या साफ करायचे तेव्हा त्यांना बाल्कनीत बसवायचे आणि ते तिथून सूचना द्यायचे. पाइप वाकडा धरलास, कोपरा राहिला, मोटर तापली असेल. पिशवी मी ओल्या कागदात गुंडाळून टाकायला निघाले की विचारायचे, "निंघनं का?"

"निघालं."

"किती?"

"मूठभर."

मग समाधानानं मान हलवायचे, जणू ती मूठ त्यांच्याच छातीतून निघाली होती.

पिंपाचं काय करायचं तेही त्यांनीच ठरवलं. ते भूषणच्या खात्यावर पाठवलं आणि पाठोपाठ स्वतः रिक्षा करून गेले. जाऊ नका म्हणून मी दारात आडवी उभी राहिले होते, त्याचा उपयोग झाला नाही. तोंडाला रुमाल बांधून त्यांनी पाइप ओढणाऱ्या तोंडाला लावून दाखवला, कॉम्प्रेसरची नळी गुंडाळून ठेवली आणि कारागिरांना बजावलं, आजपासून फुंकणं बंद. परतल्यावर दोन दिवस अंथरुणात होते. माझं बोलणं थांबत नव्हतं. ते म्हणाले, "बोल. पन ते काम व्हतं."

शेवटी शेवटी घरात ऑक्सिजनचं यंत्र आलं. ते जोडायला आलेल्या माणसाला नानांनी नळी नाकात घालू दिली नाही, आधी पाठीवर हात ठेवला. "थरथरस जास्त. पाय सपाट नहीत याना." यंत्राखाली वर्तमानपत्राची घडी घातल्याशिवाय त्यांनी श्वास घ्यायचं नाकारलं. घडी घातल्यावर थरथर खरंच कमी झाली की नाही, मला कळलं नाही. त्यांना कळली असेल. थंडी संपता संपता नाना गेले. हात यंत्राच्या बाजूलाच होता.

वर्षश्राद्धाचं आमंत्रण द्यायला मी भूषणच्या खात्यावर गेले. लूमच्या खडखडाटात काही ऐकू येत नव्हतं. दारातच भुगा तोंडावर आला. भूषण स्वतः कॉम्प्रेसरची नळी धरून लूम फुंकत होता. पिंप कोपऱ्यात होतं, त्यावर चहाचे ग्लास ठेवले होते.

मी ग्लास खाली उतरवले. भूषणनं नळी बंद केली आणि बाहेर आला. केसांवर पांढरं, भुवयांवर पांढरं.

"काकू, फुंकल्यानं लवकर होतं. पिंपानं ओढत बसलं तर कामाची अख्खी पाळी त्यातच निघून जाते."

"आणि ती धूळ जाते कुठे?"

"बाहेर," तो हसत म्हणाला.

मी माझा तळवा त्याच्या छातीवर ठेवला. कारागीर पाहत होते, तो लाजला, मागे सरकू लागला. मी म्हटलं, "उभा राहा. खोकून दाखव."

"काकू, काय हे!"

"खोक."

तो खोकला. हसत सुरू झाला, पण थांबायला त्याला जरा वेळ लागला, आणि तळव्याखाली काहीतरी खरखरलं. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. मी पदर खोचला, पिंप ओढत लूमपर्यंत नेलं आणि पाइप ओढणाऱ्या तोंडाला बसवला.

"बटण दाब," मी म्हटलं. "आज पाळी संपेपर्यंत मी इथेच बसणार आहे."