रुखवतातले दोन मोर

माझ्या बिस्किटांचं ताट बघून लोक विचारतात, हे सगळं सुचतं कुठून. मी सांगते, भांडी घासताना. त्यांना वाटतं मी उत्तर टाळतेय. पण आमच्या सिंकसमोर खिडकी आहे, खिडकीत कुंड्या आहेत, आणि भांडी घासताना दुसरं बघायला काही नसतं. जास्वंद उमलताना पाकळ्या एकमेकींवर कशा चढलेल्या असतात ते दिसतं, आणि तशी मुरड करंजीला घालून बघावीशी वाटते. बऱ्याचदा ती जमत नाही. न जमलेली करंजीही खाता येते, हा या छंदाचा मोठा फायदा.

फोटोंचं तसंच. मी एका शाळेच्या ऑफिसात काम करते. सकाळी निघण्याआधी गच्चीवर जाऊन एका फुलाचा फोटो काढायचा, हा माझा नेम. सुरुवातीचे फोटो भयंकर होते. पांढरी शेवंती पांढऱ्या भिंतीपुढे धरून काढलेली, म्हणजे तो भिंतीचाच फोटो. मग कळलं की फुलामागं काहीतरी गडद पाहिजे. दोरीवर चादर वाळत होती, तीच मागे धरली. सोलापुरात हाताला काही लागायचंच तर चादर लागते.

ही चादर माझ्या दिरांच्या कारखान्यातली. ते यंत्रमागावर होते. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली, चादर अजून धडधाकट आहे. एका बाजूनं पांढऱ्यावर लाल मोर, दुसऱ्या बाजूनं लालवर पांढरे. सगळे मोर एकाच दिशेला तोंड करून रांगेत उभे. फुलांसाठी ती चांगली ठरली म्हणून मी नानकटाईचे फोटोही तिच्यावरच काढायला लागले. एकदा चौकोनी नानकटाई ठेवली होती. फोटो मोठा करून बघताना लक्षात आलं की मोराची मान गोल नाहीच. ती चौकोनांच्या पायऱ्यांनी वळलेली आहे, आणि माझी नानकटाई त्यातल्या एका पायरीवर नीट बसली आहे. मी तेव्हा एवढंच म्हटलं की बिस्किटांची चादर करता येईल. करायला निमित्त मात्र नव्हतं.

निमित्त आलं ते माझ्या धाकट्या जावेच्या घरातून. म्हणजे खालच्या मजल्यावरून, कारण भवानी पेठेतल्या एकाच घरात आम्ही वर आणि ती खाली राहते. दीर गेल्यावर तिनं रुखवतं करून द्यायला सुरुवात केली. ज्यांनी ते बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते: लग्नात मुलीकडच्या बायका आपल्या हातच्या वस्तू टेबलावर मांडतात आणि मुलाकडच्या बायका त्या नाकं वर करून बघतात, ते रुखवत. सुपाऱ्यांची सप्तपदी, खोबऱ्याच्या वाट्यांची फुलं, बाटलीतली लोकरीची बाहुली, पापड, कुरडया. तिचं काम स्वच्छ होतं. पेठेतल्या कितीतरी मुली तिच्या रुखवतासकट सासरी गेल्या.

तिची स्वतःची मुलगी पुण्यात नोकरीला आहे. तिचं लग्न ठरलं. जाऊ वर्षभर आधीपासून मनात रुखवत मांडत असणार, कारण दिवाळीतच तिनं मला खोबऱ्याच्या मोठ्या वाट्या बाजूला ठेवायला सांगितलं होतं. मुलगी साड्यांच्या खरेदीला आली तेव्हा जेवता जेवता म्हणाली,

"आई, रुखवत नको हं. फोटोत सगळा बाजार दिसतो. तिथं आम्ही फुलांची भिंत लावणार आहोत, डेकोरेशनवाल्यांना सांगितलंय."

जाऊ म्हणाली, "बरं." आणि मुलीच्या ताटात भात वाढला.

पोरगी काही उद्धट नाही. तिच्या मैत्रिणींच्या लग्नांत जसं होतं तसं तिला हवं होतं. पण त्यानंतर जावेनं आपले रुखवताच्या सामानाचे खोके कपाटावर चढवले आणि वर जुनी साडी घातली. वैरागहून तिच्या माहेरच्या ओळखीच्या एका बाईंचा फोन आला, मुलीचं रुखवत पाहिजे म्हणून. त्यांना तिनं सांगितलं, आता मी करत नाही. मी कारण विचारलं.

"पोटच्या पोरीला नको, ते लोकांना कसं देऊ, अक्का?" ती म्हणाली.

पटण्यासारखंच होतं ते, म्हणून जास्त वाईट. ती एकदा बसली की उठणार नाही हे मला माहीत होतं. मी पुतणीला फोन केला. म्हटलं, एकच टेबल, त्यावर एकच वस्तू. थर्माकोल नाही, चमकी नाही, बाहुली नाही. मी भाजणार, तुझी आई मांडणार. आधी घरी मांडून फोटो पाठवते. फोटो तुला आवडला नाही तर ती वस्तू कार्यालयाचं दार बघणार नाही. ती म्हणाली, बरं मोठीआई, पण फोटो खरा पाठव, फिल्टर नको.

जावेला पटवायला जास्त वेळ लागला. बिस्किटं तुमची, कल्पना तुमची, त्यात माझं काय, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, मला पीठ कळतं, मांडणं कळत नाही. माझ्या ताटात शंकरपाळ्यासुद्धा सांडल्यासारख्या दिसतात. हे खोटं नव्हतं. शेवटी ती म्हणाली, बघू. तिच्या भाषेत त्याचा अर्थ हो असा होतो.

पांढऱ्या बिस्किटांना शाळू ज्वारीचं पीठ घेतलं, बांधायला थोडा मैदा, भरपूर तूप. लाल रंगानं मात्र छळलं. बीट घातलं, कच्चं पीठ गुलालासारखं दिसलं आणि ओव्हनमधून निघालं ते विटेसारखं. वाळवलेल्या जास्वंदीची पूड घातली, तर राखाडी. नवरा प्रत्येक नापास घाणा मन लावून खात होता आणि सगळ्यांना सारखेच गुण देत होता. मग मी रंग मिळवायचा नाद सोडून चादरीकडे नीट बघितलं. ती आता कुठं लाल होती? धुऊन धुऊन तिचा लाल मुरला होता, तांबूस झाला होता. नाचणीच्या पिठात थोडा कोको घातला आणि तोच रंग पहिल्या फेरीत आला. समोरची वस्तू जशी आहे तशी बघायला मला फोननं शिकवलं, असं मी मानते. आधी मी चादरीला लाल म्हणत होते, कारण सगळे लाल म्हणतात.

मांडणीला रविवारची दुपार धरली. एकच मोठी फळी केली असती तर जिन्यातून उतरली नसती, म्हणून सुताराकडून दोन फळ्या आणल्या. एका फळीवर मी मोर मांडायचा, दुसरीवर जावेनं, दोन्ही शेजारी ठेवल्या की रांगेतले दोन मोर. चादर दोघींना दिसावी म्हणून खोलीत आडवी दोरी बांधून तिच्यावर चिमट्यांनी सरळ टांगली. मी ओव्हन सांभाळायला दाराच्या बाजूला बसले. तिला चष्म्यामुळे उजेड लागतो, ती खिडकीच्या बाजूला बसली. मध्ये चादर.

नवरा डोकावला आणि म्हणाला, "दोघींमध्ये अंतरपाट धरलाय काय? मंगलाष्टकं म्हणू?"

त्याला बाहेर घालवलं आणि आम्ही कामाला लागलो. चादरीतला एक चौकोन म्हणजे एक बिस्कीट. बोटानं मोजायचं, ठेवायचं, परत मोजायचं. बोलायला सवड नव्हती. बऱ्याच वेळानं पलीकडून आवाज आला, "अक्का, लाल संपलं की."

मी म्हटलं, संपेल कसं, माझं तर डबाभर पडून आहे, तू कुठं तरी जास्तीचं लावतेयस. ती म्हणाली, न्हाय, मोजूनच लावतेय. वाद घालण्यापेक्षा मी माझा लाल डबा चादरीखालून सरकवला. थोड्या वेळानं माझं पांढरं संपलं. मी मागितलं, तिनं तिच्याकडचं सरकवलं. तिच्याकडे भरपूर उरलं होतं. दोन शहाण्या बायकांच्या डोक्यात तेवढ्यावर प्रकाश पडायला हवा होता. पडला नाही.

दोघींचं झाल्यावर मी चिमटे काढून चादर ओढली.

माझ्या फळीवर पांढऱ्या जमिनीवर तांबडा मोर. तिच्या फळीवर तांबड्या जमिनीवर पांढरा मोर. आणि फळ्या शेजारी ठेवल्या की तो माझ्या मोराकडे तोंड करून उभा.

अर्धा जन्म या पेठेत गेला, चादरी पांघरून गेला, आणि दुसऱ्या बाजूनं रंग उलटा येतो, मोर फिरतो, हे दोघींनाही आठवलं नाही. रोज अंथरायच्या वस्तूकडे कोण एवढं बघतं? आपण ती फक्त झटकतो.

जाऊ खुर्चीवर बसली. मग उठून एका कडेनं बिस्किटं उचलायला लागली. "माझंच चुकलं," ती म्हणाली. "तुम्ही सांगितलं तसं न्हाय झालं. आता हिला काय दाखवायचं."

मी तिला थांब म्हटलं. दुसरं सगळं मांडायला तिला अंधार झाला असता आणि मला पीठ उरलं नव्हतं, हे खरं कारण. दुसरं म्हणजे मला फोटो काढायचा होता. मी चुकलेल्या गोष्टींचेही फोटो काढते, पुढच्या वेळी उपयोग होतो. दोन्ही फळ्या जमिनीवर शेजारी ठेवल्या, स्टुलावर चढले आणि फोन खाली धरला. पडद्यावर ते चुकल्यासारखं दिसेना. रांगेतले दोन मोर मी मनात पाहिले होते, ते आता मला कंटाळवाणे वाटायला लागले.

"चढ इथं," मी जावेला म्हटलं. तिनं स्टूल नको म्हणून नुसता फोन घेतला आणि पुष्कळ वेळ बघत राहिली. मग खाली वाकून आपल्या मोराच्या डोळ्यापाशी एक बिस्कीट केसभर सरकवलं. ते हललेलं मला दिसलंसुद्धा नव्हतं. तेव्हा मला कळलं की ती आता उचलणार नाही.

"पाठवू?" मी विचारलं.

"पाठवा. पण चुकून झालंय म्हून लिवा. उगं शहाणपणा नको."

मी तसंच लिहिलं. पुतणीचा मेसेज आला नाही, फोनच आला. आई कुठंय, एवढंच तिनं विचारलं. मी फोन पुढे केला. मला जावेचंच बोलणं ऐकू येत होतं. न्हाय गं, मुद्दाम कुठलं. तुझी मोठीआई तिकडं बसली, मी हिकडं. व्हय, तुझ्या पप्पाच्या कारखान्यातलीच. न्हाय, रंग घातला न्हाय, नाचणी हाय. मग ती ऐकत राहिली आणि शेवटी फोन माझ्याकडे दिला, मला काय समजंना, तुम्हीच बोला म्हणाली.

पुतणी म्हणाली, "मोठीआई, कार्यालयातपण असंच करायचं. मध्ये चादर टांगून, दोघी दोन बाजूला. फोटोवाल्याला मी आईच्या बाजूला उभा करते. आणि फुलांची भिंत मागं सरकवायला सांगते, जागा लागेल."

मी जावेला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग मला बरी साडी नेसावी लागंल," आणि खाली गेली.

एकदा झालेली चूक जाणूनबुजून करणं अवघड असतं. कार्यालयात दोन खांबांना दोरी बांधली, चादर टांगली, बसलो. या वेळी मला माहीत होतं की तिच्याकडे उलटं आहे, म्हणून मी सारखी वाकून तिची बाजू बघत होते आणि माझं मोजणं चुकत होतं. दोनदा शेपटीची ओळ उपसावी लागली.

"अक्का, आपल्या बाजूला बघा की," जाऊ चादरीआडून म्हणाली. "माझं मला येतंय."

फोटोवाला हसला. तो तिच्याच बाजूला होता. तो फोटो मी नंतर पाहिला. त्यात फुलांची भिंत नाही, मीही नाही. चादर आहे, बिस्किटं आहेत, आणि डोळ्याला चष्मा लावून एक बाई मोराची मान वळवते आहे.

मांडून झाल्यावर दोन्ही फळ्या टेबलावर शेजारी ठेवल्या, तेव्हा तिनं पिशवीतून सुपाऱ्यांची सप्तपदी काढली आणि दोन मोरांच्या मधल्या फटीत ओळीनं ठेवली. कुणालाही न विचारता. मी पुतणीकडे बघितलं. तिनं वाकून सातही सुपाऱ्या पाहिल्या, एक फोटो काढला आणि तयार व्हायला निघून गेली. मुलाकडच्या बायका आल्या, त्यांनी नियमाप्रमाणे नाकं वर केली, मग वाकल्या. जेवणावळीनंतर पोरांनी मोर खाऊन टाकले. आधी माना गेल्या.

चादरीला तुपाचे डाग पडले होते, दोन्ही बाजूंना. दुसऱ्या दिवशी मी ती भिजत घालत होते तेव्हा खाली खोके ओढल्याचा आवाज आला. जिन्यातून डोकावले तर जुनी साडी बाजूला पडलेली, खोके जमिनीवर, आणि जाऊ वैरागच्या त्या बाईंशी फोनवर बोलत होती. करते की, ती म्हणत होती, पण अक्कांना विचारून तारीख सांगते, भाजायचं त्यांच्याकडं हाय.

मला तिनं अजून काही विचारलं नव्हतं. मी वर जाऊन नाचणी निवडायला घेतली.