रामकिसनभाऊंचं डोकं

मित्रहो, आज अंबडजवळच्या एका निवासी केंद्रात गेल्ते. मतिमंद म्हणून ज्यांना सगळे लेकरूच समजतात, अशा मोठ्या माणसांना सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांना मी प्रशिक्षण देते. आजचा विषय होता, घरातला मृत्यू त्यांना कसा सांगायचा.

तिथं चाळिशीचे रामकिसनभाऊ राहतात. त्यांचे वडील गेल्या महिन्यात वाटूरला वारले. भाऊंना कुणी नेलं नाही, अग्नी वडिलांच्या पुतण्यानं दिला. भाऊंना सांगितलं, "बाबा शेतात कामाला लागलेत."

"मॅडम, त्यांना काय कळतंय? उगं रडतील," त्यांना सांभाळणाऱ्या संगीताताई म्हणाल्या.

मी म्हटलं, साध्या शब्दांत खरं सांगा. देवाघरी वगैरे नको.

ताई शेजारी बसल्या, हात धरला. "भाऊ, तुमचे बाबा मेले. आता ते येणार न्हाईत."

भाऊ रडले नाहीत. केसांवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "मंग माझं डोकं का न्हाई भादरलं? मी लेक हाय ना त्यांचा?"

ताई तोंडाला पदर लावून उठल्या, न्हाव्याला फोन लावला. मी निघाले तेव्हा भाऊ शर्ट काढून अंगणात बसले होते.

तुमच्या घरी असं कुणी असेल, तर शेवटचं तोंड बघायला त्याला बोलावता का?